रिस्टार्ट मारा आणि झोपा

टॉमकॅट, म्हणजे जावात लिहिलेली वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर, बसवायचाय? मग आवृत्तीचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. डाउनलोडच्या पानावर सगळ्यात मोठा आकडा दिसेल तो उतरवा. तुमचं ॲप जुनं आहे, त्यात जागोजागी 'जावाएक्स.सर्व्हलेट' हे लायब्ररीचं जुनं नाव लिहिलेलं आहे आणि टॉमकॅट १० पासून ते 'जकार्ता.सर्व्हलेट' झालं आहे, असल्या किरकोळ बाबींत मोठी माणसं लक्ष घालत नाहीत. ॲपची वॉर फाइल (अख्खं ॲप बांधलेली झिप) टाका. टॉमकॅट झोकात सुरू होईल, लॉगमध्ये एरर औषधालाही सापडणार नाही आणि ज्या पानावर जाल तिथे ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. जुन्या नावाच्या ॲनोटेशन्स (कोणतं पान कोणता कोड देतो हे सांगणाऱ्या खुणा) त्याला दिसतच नाहीत, मग तक्रार तरी कशाची करणार बिचारा? टॉमकॅट ९ घेतला असता, किंवा 'वेबॲप्स-जावाईई' नावाचं फोल्डर करून वॉर त्यात ठेवली असती (तिथली वॉर टॉमकॅट १० स्वतःच नव्या नावांत बदलून घेतो), तर बहुतेक पाच मिनिटांत भागलं असतं. पण मग दोन दिवसांची टाइमशीट कशी भरणार?

जावाचंही तेच. टॉमकॅट ९ ला किमान जावा ८ लागतं, १०.१ ला ११, टॉमकॅट ११ ला १७. तुम्ही मशीनवर जे सापडेल ते वापरा.

टॉमकॅटसाठी वेगळा यूजर बनवू नका, सर्वाधिकारी रूट आहे की. १०२४ च्या खालचं पोर्ट साध्या यूजरला उघडता येत नाही, तेव्हा ८० आणि ४४३ साठी अख्खा टॉमकॅट रूट म्हणून चालवणं हाच राजमार्ग. पुढे एनजिनएक्स (विनंत्या झेलून मागे पाठवणारा वेब सर्व्हर) आणि मागे ८०८० वर टॉमकॅट हे भित्र्या लोकांचं काम. परमिशनची अडचण आलीच तर चमोड ७७७ (सगळ्यांना सगळे अधिकार), तेही वरून खालपर्यंत सगळ्या फोल्डरांना.

मॅनेजर ॲप साऱ्या जगाला दाखवा. टॉमकॅट ते फक्त त्याच मशीनवरून उघडू देतो, म्हणून त्याच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमधली ती अडवणारी व्हॉल्व्हची ओळ कॉमेंट करा. गूगलवर पहिलं उत्तर तेच सांगतं आणि दुसरं उत्तर वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. यूजर टॉमकॅट, पासवर्डही टॉमकॅट. मॅनेजर म्हणजे वॉर फाइल चढवायचं पान; ज्याला पासवर्ड लागला त्याला तुमच्या मशीनवर हवा तो कोड चालवायची मुभा. आणि तो कोड रूट म्हणून चालणार, कारण आधीचा सल्ला तुम्ही पाळलाय. काही दिवसांत सीपीयू शंभर टक्क्यांवर चिकटला की समजा, कोणीतरी तुमच्या विजेवर क्रिप्टोची नाणी पाडतंय.

८००९ वरचं एजेपीही (पुढच्या वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलायची वाट) उघडंच असू द्या. २०२० साली घोस्टकॅट नावाने गाजलेली भानगड इथलीच होती: त्या पोर्टवरून कोणीही वेब-इन्फ या ॲपच्या खासगी फोल्डरातल्या फायली वाचू शकत होता, आणि डेटाबेसचा पासवर्ड तुम्ही तिथेच ठेवलाय. ९.०.३१ मध्ये ते भोक बुजवलं. तुमच्याकडे ९.०.१२ आहे, पण 'स्टेबल आहे, हात लावू नका'.

लोकांनी चढवलेली कागदपत्रं, म्हणजे आधार, सातबारा, पावत्या, सगळं ॲपच्याच फोल्डरात 'अपलोड्स' करून ठेवा. ऑटोडिप्लॉय (नवी वॉर आपोआप चढवणं) चालू असताना नवी वॉर आली की टॉमकॅट जुनं उलगडलेलं फोल्डर मुळासकट पुसतो आणि नवं उलगडतो. अपलोड्सही त्यातच जातं. वॉर फाइल नुसती डिलीट केली तरी फोल्डर जातं. हा बग नाही, तो असाच वागतो आणि तसं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे. फायली ॲपच्या बाहेर वेगळ्या जागी ठेवून त्या जागेचा पत्ता सेटिंगमधून द्यायचा, हा सल्ला कोणी दिला तर 'फेज टू' म्हणा.

वॉर थेट वेबॲप्समध्ये, म्हणजे टॉमकॅट जिथून ॲप उचलतो त्या फोल्डरात, कॉपी करा. नेट मंद असेल तर अर्धी उतरलेली फाइल टॉमकॅट उचलेल आणि झिप फुटकी आहे म्हणून बोंबलेल. शेजारच्या फोल्डरात पूर्ण उतरवून मग एमव्हीने हलवलं, तर एकाच फाइल-सिस्टमवर ते क्षणात होतं. पण त्यात मजा नाही.

एनजिनएक्स लावलाच असेल आणि फाइल अपलोड होताना ४१३ ('फाइल फार मोठी') आला तर जावावाल्याला झापा; एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी असते हे कशाला बघायचं.

मेमरी. ८ जीबीचं मशीन आहे, त्यावरच मायएसक्यूएल आहे, मग हीप (जावाची मुख्य मेमरी) ८ जीबी द्या. हीपच्या बाहेर क्लासच्या माहितीसाठी मेटास्पेस लागतं, ६४-बिट लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या (एकेक काम करणाऱ्या धाग्याच्या) स्टॅकला १ एमबीपर्यंत जागा लागते, हे हिशेब वाण्याने करावेत. एके दिवशी कर्नल सगळ्यात जाड प्रोसेस शोधून मारेल. टॉमकॅटच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो. तो कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे डीमेसेजमध्ये, 'किल्ड प्रोसेस' म्हणून असतो. तिथे जाऊ नका. तिकिटात 'आपोआप बंद पडतो' एवढंच लिहा. आणि हे मेमरीचे ऑप्शन कॅटलिना-ऑप्ट्स या व्हेरिएबलऐवजी जावा-ऑप्ट्समध्ये घाला, म्हणजे थांबवायच्या कमांडलाही ते लागू होतात. जेएमएक्सचं (जावावर बाहेरून नजर ठेवायचं) पोर्ट तिथे दिलं असेल तर थांबवायला आलेला जावाही तेच पोर्ट मागतो, ते मिळत नाही, आणि सर्व्हर थांबतच नाही. मग प्रोसेस जबरदस्तीने मारणारं किल -९ आहेच.

कॅटलिना.आउट ही लॉग फाइल स्वतःहून रोटेट होत नाही, वाढतच जाते. डिस्क भरली की ती आरएमने पुसा. जागा सुटणार नाही, कारण चालू प्रोसेसने फाइल धरून ठेवलीये. मग मशीन रीबूट करा. रीबूटनंतर टॉमकॅट उठणार नाही, कारण त्याला आपोआप उठवणारं सिस्टिमडी युनिट केलंच नव्हतं.

मराठी नावं '????' अशी दिसली तर फॉन्टला शिव्या द्या. जावा १७ पर्यंत डीफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) भोवतालच्या लोकॅलवरून (भाषेच्या सेटिंगवरून) ठरतं. तुम्ही लॉगिन करून हाताने चालू केलं तेव्हा तुमच्या शेलमध्ये यूटीएफ-८ होतं म्हणून 'ज्ञानेश्वर' नीट आला; सर्व्हिस म्हणून आपोआप उठलं तेव्हा लोकॅलच नव्हतं म्हणून गेला. टॉमकॅटच्या सेटएन्व्ह फाइलमध्ये फाइल.एन्कोडिंगची एक ओळ घालून हे मिटतं. (जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट.) पण ग्राहकाला 'नावं इंग्रजीत भरा' सांगणं जास्त सोपं.

आता खरा गुरुमंत्र. सर्व्हर अडकला की रिस्टार्ट मारा.

सकाळी अकराला पान गोल गोल फिरतंय. टॉप कमांड लावून बघा: सीपीयू निवांत, मेमरी निवांत. म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे, नाही का? आत काय चाललंय हे विचारू नका. आत असं चाललंय की कोणीतरी डेटाबेसचं कनेक्शन घेतलं, मध्ये एक्सेप्शन आली आणि ते परत करणारी क्लोजची ओळ गाठलीच गेली नाही, कारण ती काहीही झालं तरी चालणाऱ्या फायनलीमध्ये नव्हती. टॉमकॅटसोबत येणाऱ्या डीबीसीपी पूलमध्ये (तयार कनेक्शनांच्या साठ्यात) तुम्ही काही न सांगता जास्तीत जास्त ८ कनेक्शन असतात. आठ एक्सेप्शन आल्या की आठही गेली. नववा मागणारा थांबतो. किती वेळ? मॅक्सवेट (थांबायची मर्यादा) दिलेलं नसेल तर अनंतकाळ. त्याच्यामागे दहावा, विसावा, करता करता टॉमकॅटचे मुळातले सगळे २०० थ्रेड भरतात आणि मग साधा लोगोसुद्धा उघडत नाही. काम कोणीच करत नाहीये, सगळे रांगेत उभे आहेत, म्हणून सीपीयू निवांत. आणि तुम्ही वरच्यांना मेल करता की रॅम वाढवा!

रिस्टार्ट मारला की पूल नवा, आठ कनेक्शन नवी, सगळे खूश. थ्रेड कुठे अडकले होते, कनेक्शन कोणाच्या हातात होतं, हा सगळा पुरावा त्याच क्षणी पुसला गेला. दुसऱ्या दिवशी परत अकरा. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघतं: पहाटे तीनला क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्याने) रिस्टार्ट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ट्रॅफिक वाढलं की गळतीही वाढते, मग रिस्टार्ट दिवसातून दोनदा. परवाच एका क्रॉनटॅबमध्ये अशा तीन ओळी पाहिल्या: पहाटे तीन, दुपारी दीड, संध्याकाळी सात. शेजारी कॉमेंट: 'काढू नये'. तेही किल -९ ने, म्हणजे सेशनसुद्धा जपली जात नाहीत; दुपारी दीडला फॉर्म भरणारा माणूस लॉगिनच्या पानावर जाऊन आदळतो आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून पहिल्यापासून भरायला बसतो. ही गोष्ट तिथल्या प्रत्येकाला माहीत होती. प्रत्येकाला! आणि उपाय काय केला होता? पूलची मर्यादा, म्हणजे मॅक्सटोटल, ८ वरून ५००. मायएसक्यूएल मुळात १५१ च कनेक्शन घेतं, मग त्याच डेटाबेसवरची बाकीची ॲपंही 'टू मेनी कनेक्शन्स' म्हणत आडवी. भोक आहे बादलीला आणि हे नळ मोठा करतायत.

चेष्टा पुरे. अडकलेल्या सर्व्हरवर जेस्टॅक (प्रत्येक थ्रेड कुठे उभा आहे ते दाखवणारी कमांड) चालवायला दहा सेकंद लागतात. जेस्टॅक नसेल तर किल -३. त्याने प्रोसेस मरत नाही, थ्रेड डंप कॅटलिना.आउटमध्ये येतो. दहा-दहा सेकंदांनी तीन डंप घ्या. शंभरेक थ्रेड 'बॉरो ऑब्जेक्ट'वर, म्हणजे कनेक्शन मागत, थांबलेले दिसले की पूल संपलाय हे नक्की, आणि बहुतेक ती गळतीच. मग हवा तर रिस्टार्ट मारा, कोणी अडवलं नाही. पण त्यानंतर पूलच्या रिसोर्स सेटिंगमध्ये लॉग-अबँडन्ड आणि रिमूव्ह-अबँडन्ड-ऑन-बॉरो ट्रू करा, टाइमआउट ६० सेकंद ठेवा (एखादा रिपोर्ट त्याहून जास्त वेळ घेत असेल तर त्याच्या हिशेबाने वाढवा), मॅक्सवेट १०,००० मिलिसेकंद द्या. पूल संपत आला की कनेक्शन घेऊन परत न करणाऱ्या कोडचा क्लास आणि ओळ क्रमांक लॉगमध्ये छापून येतो. छापून येतो हो! शोधायचंही नाही, वाचायचं आहे फक्त. तिथे ट्राय-विथ-रिसोर्सेस घाला, ते कनेक्शन आपोआप परत करतं. चार ओळींचा बदल. त्या चार ओळी कोणी केल्या नाहीत म्हणून वर्षानुवर्षं लोकांचे अर्धे भरलेले फॉर्म फेकले जातायत, आणि तुम्ही स्टेटस कॉलवर 'अपटाइम चांगला आहे' म्हणता. लाज वाटायला हवी. तुम्हाला पगार सर्व्हर चालवायचा मिळतो, घड्याळ लावून त्याचा गळा दाबायचा नाही. त्या तीन ओळी आणि ती 'काढू नये'ची कॉमेंट आज काढा, आणि उद्या अकरा वाजता तो अडकेल तेव्हा डंप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नका.