हैदराबाद, एक दिवस आणि 'निजामाचा' चारमिनार

सुट्ट्या लागल्या की मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात तो असा: 'हैदराबादला एक दिवस पुरे. निजामानं बांधलेला चारमिनार बघा, गोवळकोंड्यावर कोहिनूरची खाण बघा, सालारजंगमध्ये निजामाचे दागिने बघा, बिर्याणी खा आणि रात्रीची गाडी पकडा. तसंही ज्या निजामानं आपल्याला छळलं, त्याचा थाट बघून मराठी माणसाला काय मिळणार?' बिर्याणीबद्दल माझी तक्रार नाही. बाकीचं एकेक घेऊ.

चारमिनार निजामानं बांधलेला नाही. तो 1591 चा, कुतुबशाहीतला पाचवा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह यानं उभारलेला. हैदराबादच्या निजामांचं आसफजाही घराणं तेव्हा कुठंच नव्हतं. (अहमदनगरची निजामशाही होती, पण ती वेगळी. दोन्हींची गल्लत शिकलेली माणसंही करतात.) पहिला आसफजाह 1724 मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनचा धनी झाला. त्याची राजधानी औरंगाबाद होती, आजचं छत्रपती संभाजीनगर. कारभार हैदराबादला हलला तो 1763 मध्ये, दुसऱ्या निजामाच्या काळात. म्हणजे चारमिनार उभा राहून पावणेदोनशे वर्षं होत आली होती. मिनारांच्या मध्ये चार दिशांना दिसणारी घड्याळं मात्र निजामाच्या राज्यात, 1889 मध्ये बसली. आणि पहिल्या निजामाची कबर शोधायची तर हैदराबादला जाऊच नका, खुलताबादला जा. ती तिथं आहे.

गोवळकोंड्यावर हिऱ्याची खाण नाही. तो ग्रॅनाइटच्या टेकडीवरचा किल्ला आहे. हिरे निघत ते दूर कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून, जो भाग आज आंध्र प्रदेशात आहे. कोहिनूरही कोल्लूरचाच असावा असं बहुतेक मानलं जातं. हिऱ्यांचा बाजार आणि राज्यकर्ते गोवळकोंड्याला, म्हणून नाव किल्ल्याचं झालं. तिथून चारमिनारपर्यंत भुयार असल्याचं गाइड रंगवून सांगतात. ऐकायला छान आहे, पुरावा मागू नका.

खाण नसली तरी या किल्ल्याला अख्खी सकाळ द्यावी, असं माझं मत. फतेह दरवाजाखाली वाजवलेली टाळी वर किल्ल्याच्या माथ्यावरच्या बालाहिसारपर्यंत ऐकू येते, ते सगळेच करून बघतात. पण 1677 मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज याच राज्यात आले, अबुल हसन कुतुबशाहाला भेटले, आणि त्या भेटीमागं त्याच्या दरबारातल्या मादण्णा-आकण्णा या दोघा कारभारी भावांची मुत्सद्देगिरी होती, हे माहीत असेल तर त्या पायऱ्या वेगळ्या वाटतात. पुढं 1687 मध्ये औरंगजेबानं सुमारे आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर किल्ला घेतला. अबुल हसन, म्हणजे तानाशाह, कैद होऊन आला तो आपल्या दौलताबादला. चिनी महालात त्याला ठेवलं होतं. ज्यांच्या दारावरून आपण शाळेच्या सहलीत धावत वर गेलो, त्या भिंती त्याच. गोवळकोंड्याजवळच्या कुतुबशाही कबरींत एकाहून एक घुमट दिसतात, पण या शेवटच्या सुलतानाची कबर तिथं सापडत नाही. तीही खुलताबादला.

आता सालारजंग. ते निजामाचं संग्रहालय नाही. निजामाचा काही काळ दिवाण असलेल्या मीर युसूफ अली खान, तिसरा सालारजंग, याच्या घराण्याचा तो संग्रह. 1951 मध्ये त्या घराण्याच्या वाड्यात, दिवाण देवडीत, तो लोकांसाठी खुला झाला आणि 1968 मध्ये मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आला. निजामाचे दागिने भारत सरकारनं 1995 मध्ये विकत घेतले. ते रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात ठेवले गेले. सालारजंगमध्ये त्यांची प्रदर्शनं भरली होती, 2001 मध्ये आणि 2006 मध्ये, त्यावरून हा समज पसरला असावा. तिथं बघायची ती इटालियन शिल्पकार बेंझोनीची बुरखा पांघरलेली रेबेका. संगमरवराच्या पडद्याआडून चेहरा दिसतो, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. दर तासाला छोटा माणूस येऊन टोले देतो त्या घड्याळापुढं गर्दी असते, ती असू द्या.

एक दिवसाचा हिशेब इथंच कोसळतो. शुक्रवारी गेलात तर सालारजंग बंद, चौमहल्ला राजवाडाही बंद. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही, आणि पब्लिक गार्डनमधल्या राज्य संग्रहालयाचाही नाही. तिथं इजिप्तची ममी आहे म्हणून पोरं ओढून नेतात. मी म्हणेन, अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींचं दालन आधी बघा. अजिंठा तेव्हा हैदराबाद संस्थानात. 1914 मध्ये संस्थानाचं पुरातत्त्व खातं निघालं, गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक. 1920 च्या सुमारास चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी लावलेलं लाखेचं व्हार्निश पुढं पिवळं पडलं, हाही त्याच कहाणीचा भाग.

राहिला छळाचा मुद्दा. तो खोटा नाही. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या आठवणी मराठवाड्यात घराघरांत आहेत, आणि 17 सप्टेंबर 1948 आपण उगाच साजरा करत नाही. पण इंग्रजांविरुद्धचा आणि त्या राज्याविरुद्धचा लढाही याच शहरात उभा राहिला. कोठीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अलाउद्दीन चालून गेले होते. आणि अंबाजोगाईला शिक्षक राहिलेले, पुढं हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ यांची समाधी बेगमपेठेत आहे. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव. मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर 'निजामाचे दागिने' खोडून तिथं 'बेगमपेठ' लिहा.