आधी आवाज तर ऐका!

पाच आठवडे. तीन गॅरेज. सव्वापाच हजार रुपये पाण्यात. आणि शेवटी निघालं काय, तर २२० रुपयांचं एक बेरिंग, म्हणजे फिरत्या चाकाच्या आत बसणारं गोळ्यांचं कडं. ते माझ्या घराच्या अंगणात, मी आणि मामांनी काढलं. गेला आठवडाभर माझा संताप उतरत नाहीये, म्हणून लिहितोय.

मार्गशीर्षात सुरू झालं हे. मे महिन्यात भाजून काढणारं आमचं जळगाव डिसेंबरात पहाटे चांगलं गारठतं. मी सकाळी सव्वासहाला गाडी काढतो आणि विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून चोपड्याकडे नोकरीला जातो. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलची, छोटी. एका सकाळी चावी फिरवली आणि बोनेटखालून घर्रर्र सुरू झालं. दाणे न टाकता रिकामं जातं फिरवलं की दगडावर दगड घासतो ना, तसा. अ‍ॅक्सिलेटर दिला की आवाज चढायचा, पाय काढला की उतरायचा. दहा-बारा मिनिटं गाडी चालली, इंजिन तापलं, की हळूहळू गायब.

आता गॅरेज उघडतात दहाला. तोवर गाडी तापलेली, आवाज गेलेला. तिथे बोनेट उघडायचं आणि तो म्हणणार, "कुठे आहे आवाज भाऊ? गाडी तर मक्खन चालतेय." मी सांगतोय की सकाळी थंड इंजिनवरच येतो, पहिली दहा मिनिटंच येतो. पण माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत समोरच्याचं निदान तयार!

पहिल्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडायच्या आधीच सांगून टाकलं. "ऑइल पातळ झालंय, घट्ट टाकून देऊ, आवाज दबून जाईल." दबून जाईल? मला आवाज दाबायचा नव्हता, कशामुळे येतो ते शोधायचं होतं. मी फोनवर बोलायला बाजूला गेलो तेवढ्यात त्याने जुनं ऑइल काढून २०डब्ल्यू-५० नंबरचं जाड ऑइल ओतलंही. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या घट्टपणाचा. तो जितका मोठा, तितकं ऑइल थंड इंजिनात जड आणि वरच्या भागापर्यंत पोचायला उशीर. म्हणजे तक्रार थंड इंजिनाची आणि उपाय असा की थंड इंजिनालाच जास्त त्रास. २६५० रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज तिथेच.

दुसरा म्हणाला, फॅन बेल्ट. (आमच्याकडे सगळे अजून फॅन बेल्टच म्हणतात. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा वेगळ्या विजेच्या मोटरवर फिरतो, पट्ट्याचा त्याच्याशी संबंध नाही. हा पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, वॉटर पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो.) पट्टा १४८० चा, मजुरी ६००. जुना पट्टा दाखव म्हटलं तर, "भंगारात गेला." दहा मिनिटांत? पैसे माझे, पट्टा माझा, तो भंगारात टाकायचा अधिकार याला कोणी दिला? आणि मला सांगा, नवा पट्टा चढवताना याने प्रत्येक पुलीवरून हात फिरवला असणार. पट्टा उतरलेला असताना पुली बोटाने एकदा फिरवून बघायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. ते दोन सेकंद त्याने दिले असते तर हे सगळं तिथेच संपलं असतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. दोष त्याच्या हाताखाली होता!

तिसऱ्या ठिकाणी मी शहाणपण केलं. मोठं वर्कशॉप, काउंटर, संगणक, गणवेश. गाडी संध्याकाळी तिथेच सोडली, म्हणजे रात्रभर थंड होईल. जॉब कार्डवर स्वतः लिहून घेतलं: "सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करताना मेकॅनिकने शेजारी उभं राहून आवाज ऐकावा." त्याखाली सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला फोन, "सर, आवाज नाहीये." मी विचारलं, सकाळी पहिल्यांदा चालू कोणी केली? बराच वेळ कोणी बोलेना. मग कळलं, आठ वाजता धुणाऱ्या पोराने चालू केली आणि रॅम्पवर नेली. ऐकायला कोणीच नव्हतं. त्या पोराला कोणी सांगितलंच नव्हतं, त्याचा काय दोष?

आणि त्याच दिवशी चार वाजता पुन्हा फोन. "सर, टायमिंग चेनचा आवाज आहे. इंजिन उतरवावं लागेल. साडेबावीस हजारांचं एस्टिमेट आहे." टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या आतली साखळी. साडेबाराला आवाज नव्हता, आणि चार वाजता इंजिन उतरवायचं! मधल्या साडेतीन तासांत कोणी काय ऐकलं, हे मी तीनदा विचारलं. उत्तर नाही. चेकिंगचे ५०० रुपये मात्र बिलात लावले. साडेबावीस हजार म्हणजे माझ्या पगाराचा मोठा तुकडा आहे. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून ते जाणार होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि हा माणूस फोनवर असं सांगत होता जणू चहाची ऑर्डर घेतोय.

शनिवारी अमळनेरकडून मामा आले. थंडीतली भरिताची वांगी घेऊन दरवर्षी येतात. मामांचं चाळीस वर्षं मोटर वाइंडिंगचं काम, विहिरीवरच्या मोटरी भरण्यात आयुष्य गेलंय. रविवारी पहाटे मी गाडी चालू केली, ते ओट्यावर दात घासत उभे होते. घासणं थांबवलं, मान वाकडी केली आणि म्हणाले, "हाई इंजिन नही शे भाऊ. बेरिंग सुकेल शे. माले बेरिंगना आवाज वळखता येस." (हे इंजिन नाही, बेरिंग सुकलंय. मला बेरिंगचा आवाज ओळखता येतो.)

वीस पावलांवरून. दात घासता घासता.

मग आम्ही शोधायला लागलो, आणि त्या तिघांनी जे एकदाही केलं नाही ते सगळं केलं. गाडी उभी असतानाच आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो, म्हणजे चाकाचा नाही. क्लच दाबून पाहिला, फरक नाही, म्हणजे क्लच बेरिंग नाही. एसी चालू-बंद केला, आवाज तसाच. पट्ट्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला. पट्टा किंचाळत असेल तर पाण्याने आवाज लगेच बदलतो. बदलला नाही.

मग मामांनी मागच्या खोलीतून ठिबकची १६ एमएमची नळी आणली, हातभर कापली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं लांबूनच, फिरत्या पट्ट्यापासून जपून, एकेका जागेजवळ धरलं. डोक्यावरचं उपरणं आधी काढून ठेवलं. फिरत्या पट्ट्याजवळ सैल कापड ठेवायचं नाही हे त्यांना सांगावं लागत नाही. अल्टरनेटरजवळ नुसती गुणगुण. वॉटर पंपाजवळ गप्प. खाली कोपऱ्यात टेन्शनर पुलीजवळ, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या छोट्या चाकाजवळ, नळी नेली आणि त्यांनी कान झटकन बाजूला घेतला. मी लावून पाहिली. कानात कोणी मूठभर वाळू खरडावी तसं झालं.

तरी खात्री करायची म्हणून इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, संध्याकाळपर्यंत थांबलो. मग पट्टा उतरवला आणि पट्ट्याशिवाय इंजिन चालू केलं. पंधराच सेकंद, कारण पट्टा नसताना वॉटर पंप फिरत नाही, जास्त चालवलं तर इंजिन तापतं. बॅटरीचा लाल दिवा लागला, तो लागणारच, अल्टरनेटर थांबलेला असतो. आणि आवाज? नाही. अजिबात नाही. स्वच्छ, गोल, नव्यासारखं इंजिन. टायमिंग चेन पट्टा नसतानाही फिरतेच. चेनचा आवाज असता तर तो त्या पंधरा सेकंदांतही आला असता. साडेबावीस हजारांचं एस्टिमेट पंधरा सेकंदांत खोटं ठरलं. ही तपासणी त्या वर्कशॉपमध्ये कोणाला माहीत नव्हती, असं मी मानायला तयार नाही. करायची नव्हती, एवढंच.

आता त्या पुलीपर्यंत हात पोचवायची गोष्ट. वरून हात जात नाही. उजवं पुढचं चाक काढा, मग मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक काढा. ते प्लॅस्टिकच्या टिकल्यांनी धरलेलं, आणि नऊ वर्षांच्या आमच्या उन्हात त्या टिकल्या पापडासारख्या झालेल्या. पाच तुटल्या. जॅकवर भरवसा न ठेवता खाली लाकडी ओंडके दिले, मागच्या चाकाला दगड लावले. १४ नंबरचा बोल्ट गंजलेला, स्प्रे मारून रात्रभर ठेवला. सोमवारी सुट्टी टाकली. पाना लावला तर पूर्ण फिरवायला जागाच नाही, एका वेळी कशीबशी एक खाच. ज्याने ही गाडी कागदावर काढली त्याने या जागेत स्वतःचा हात कधी घातला नसणार. भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला भिंत पाडायला लावावी, तशी ही रचना. माझी दोन बोटं सोलून निघाली.

पुली हातात आली. मामा म्हणाले, फिरव. चांगलं बेरिंग बोटाने फिरवलं की आतल्या ग्रीसमुळे जरा जड, मऊ फिरतं आणि लवकर थांबतं. हे सुटलं ते भिरभिर फिरतच राहिलं, किर्र किर्र करत. ब्लेडने रबरी सील उचललं. आत ग्रीस म्हणावं असं काही उरलंच नव्हतं. भांड्याच्या तळाला करपलेल्या गुळासारखा काळा थर, आणि त्यात लालसर गंजाची भुकटी. सकाळी थंड असताना गोळ्या कोरड्या घासायच्या, तापल्यावर तो उरलासुरला थर जरासा सैल व्हायचा आणि आवाज दबायचा. त्यात इंजिनाची मोठी पुली एकदा फिरली की ही छोटी साधारण दोनदा फिरते, म्हणून आवाज एवढा चढा.

आणि ग्रीस गेलं कसं? मामांनी गंजाकडे बोट दाखवलं. पाणी गेलंय आत. दर सर्व्हिसिंगला मला न विचारता प्रेशरच्या पाइपने इंजिन धुऊन देतात, चकाचक दिसावं म्हणून. त्या जोराने पाणी सीलच्या कडेने आत शिरतं. मी कधीही इंजिन धुवायला सांगितलेलं नाही. चकाचक इंजिन घेऊन मी काय करू?

बेरिंगच्या कडेवर नंबर होता: ६२०३-२आरएस. शेवटचे ०३ म्हणजे आतलं भोक १७ एमएम, बाहेरून ४०, जाडी १२. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. हे माझ्या गाडीपुरतं काही खास नाही, जगभर मोटरींत पडतं ते साधं बेरिंग. मामांच्या नेहमीच्या दुकानात मिळालं, त्याच नंबरात, सी३ लिहिलेलं, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक, तापणाऱ्या जागेसाठी. २२० रुपये. गाडीच्या पार्टच्या दुकानात फक्त बेरिंग देत नाहीत, अख्खी पुलीच घ्या म्हणतात. कशाला? पुलीला काय झालं होतं?

बेरिंग जागेवर अडवून धरणारी कडी, म्हणजे सर्कलिप, काढली, जुनं ठोकून बाहेर काढलं. नवं बसवताना मामांनी माझा हात धरला. दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा, आतल्या कड्यावर दिला तर गोळ्यांच्या वाटेवर खाचा पडतात आणि नवं बेरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं. पान्याच्या पेटीतली मोठी गोटी (सॉकेट) कड्यावर ठेवून शिकंज्यात हळूहळू दाबलं. टक् करून बसलं. पट्टा चढवला, ताण मॅन्युअलप्रमाणे लावला, जास्त कसला नाही. जास्त ताणला तर हेच बेरिंग पुन्हा जातं.

मंगळवारी सकाळी सव्वासहाला चावी फिरवली. गाडी चालू झाली की नाही हे बघायला मला काट्याकडे बघावं लागलं. आई दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "गेला वाटतं."

ते जाड ऑइल मी काढून टाकलं, मॅन्युअलमधलं भरलं, म्हणजे पुन्हा खर्च. वर्कशॉपमध्ये जाऊन जुनं बेरिंग काउंटरवर ठेवलं आणि माझ्या सहीचं जॉब कार्ड दाखवून ५०० रुपये परत मागितले. मॅनेजर म्हणाला, सिस्टिममध्ये परत करता येत नाही. मग लिहून द्या म्हटलं, की सकाळी कोणी ऐकलं नव्हतं. ते लिहून द्यायला तयार नाही. तक्रार लेखी दिलीय, पोच घेतलीय. उद्या सुट्टी आहे, बेल्टवाल्याकडे जातोय. जुना पट्टा आणून दे, नाहीतर १४८० रुपये दे. माझा पट्टा चांगला होता.