मावशीच्या फोनवर आलेला टिळकांवरचा मेसेज

गेल्या रविवारी साताऱ्याला मावशीकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर तिने चष्मा कपाळावर सरकवला, फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हे खरं आहे का रे?" शेजारीच तिचं उपासना संगीत, म्हणजे मराठी चर्चचं गीतपुस्तक, उघडं पडलेलं. बाइंडिंग केव्हाच सुटलंय, वरून खाकी कव्हर, आणि खूण म्हणून झावळ्यांच्या रविवारची (पाम संडेची) वाळलेली पाती. तिची बरीच आवडती भजनं ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची आहेत. मेसेज त्यांच्याबद्दलच होता.

मेसेजमध्ये चार गोष्टी होत्या. मिशनऱ्यांनी पैसा आणि नोकरी देऊन टिळकांना बाटवलं. त्यांनी बायकोला जबरदस्तीने ख्रिस्ती केलं आणि ती बिचारी जन्मभर रडत राहिली. त्यांची भजनं म्हणजे इंग्रजी गाण्यांची भाषांतरं, नाहीतर तुकोबांच्या अभंगांत विठ्ठल काढून येशू घातलेला. आणि ते लोकमान्यांचे सख्खे भाऊ, म्हणून लोकमान्यांनी पुन्हा त्यांचं तोंड पाहिलं नाही. खाली "खरा इतिहास, सर्वांना पाठवा".

शेवटच्या मुद्द्याला दोन ओळी पुरेत. लोकमान्यांच्या वडिलांचं नाव गंगाधर. कवी टिळकांच्या नावातच वामन आहे. दोघे एका जातीचे, एका जिल्ह्यातले, वयात पाच वर्षांचं अंतर. एवढ्यावरून कुणी सख्खे भाऊ होत नाहीत. ज्याला वडिलांची नावं पाहता आली नाहीत, त्याने बाकीचं काय तपासलं असणार?

आता पैशाचं. टिळकांनी नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि पगार घेतला. हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण नोकरीसाठी धर्म सोडायला ते बेकार नव्हते. त्याआधी नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांचं वैदिक वाङ्मयाचं काम चालू होतं, "ऋषि" नावाचं मासिक ते चालवत होते. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. मधली दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार आणि स्वतःशीच भांडण. त्या बाप्तिस्म्याने घर मोडलं, बायको-मुलगा दुरावले, जातीने टाकलं.

आणि साताऱ्याच्या माणसाने तरी हा मेसेज पुढे पाठवायला नको होता. 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्याशाची वृत्ती घेतली आणि ते कुठे आले? इथे, साताऱ्यात. इथेच त्यांनी "देवाचा दरबार" सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे जाऊ पाहणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती. मिशनचा पगार नाही, मिशनचा हुकूम नाही. 9 मे 1919 ला ते मुंबईत वारले, म्हणजे आयुष्याची शेवटची दोनेक वर्षं त्यांनी बिनपगारी काढली. पैशासाठी गेलेला माणूस म्हातारपणी पगारावर पाणी सोडतो का?

खरा संताप मला दुसऱ्या मुद्द्याचा आला. मावशीचं तोंड उतरलं तेही त्यानेच. "बायको जन्मभर रडत राहिली" असं लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नाही की त्या बायकोने स्वतःची सगळी हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" 1934 पासून भागाभागाने छापून आली. मराठीतल्या कुठल्याही चांगल्या वाचनालयात आहे. मी दुसरा कसलाही आधार देणार नाही, हे एक पुस्तक पुरे आहे.

त्यात नवऱ्याची भलामण नाही. टिळकांचा संताप, न सांगता घरातून निघून जाणं, हातातला पैसा भलत्याला देऊन मोकळं होणं, सगळं लक्ष्मीबाईंनी उघड मांडलंय. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आहे. आणि हो, त्या रडल्या. नवरा ख्रिस्ती झाल्याचं कळल्यावर काय अवस्था झाली तेही त्यांनी लपवलेलं नाही. मेसेजवाल्याने एवढाच तुकडा उचलला आणि पुढची पानं उलटलीच नाहीत.

पुढे काय आहे ते सांगतो. लक्ष्मीबाई सोवळ्याचा कडेलोट असलेल्या घरात वाढल्या. वडील बाजारातून आणलेलं धान्यसुद्धा धुऊन घेत. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, बराच काळ पंढरपूरला. नंतर नवऱ्याजवळ आल्या तरी सोवळं सोडलं नाही, आणि टिळकांनी ते सोडायची सक्ती केली नाही. बदल झाला तो राहुरीला, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपल्याच मनाशी घोळवला आणि ठरवलं की देवाने केलेल्या जाती दोनच, पुरुष आणि स्त्री. त्यानंतर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला त्यांना अडचण उरली नाही. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. पाच वर्षं ज्या बाईला कुणी हलवू शकलं नाही, तिला जबरदस्तीने बाटवलं म्हणायचं? हा तर लक्ष्मीबाईंचाच अपमान आहे. टिळकांनी अपुरं सोडलेलं "ख्रिस्तायन" हे ख्रिस्तावरचं महाकाव्य त्यांच्यामागे याच बाईंनी पुढे नेलं. रडणाऱ्या, लादलेल्या बाईचं हे काम नव्हे.

राहिला भजनांचा मुद्दा. लिहिणाऱ्याने एका दमात दोन आरोप केलेत आणि ते एकमेकांना खोडतात. भजनं इंग्रजीची नक्कल असतील तर तुकोबांची कशी?

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. मराठी चर्चच्या जुन्या गीतांत भाषांतरं पुष्कळ होती, आजही आहेत. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की "दया"मधला "द" ताणला जातो आणि "या" गिळला जातो. लहानपणी आम्ही ती गायलो आहोत, मला माहीत आहे. पण टिळकांचं मोठेपण नेमकं तिथेच आहे. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांसारखे लोक आधीपासून देशी चालींवर पदं करत होते. टिळकांनी अभंग, ओवी, पद चर्चमध्ये घरचं करून टाकलं. त्यांचं एक पद तर उलट्या दिशेने गेलं. निकोल मॅकनिकल या स्कॉटिश मिशनऱ्याने त्याचं इंग्रजी केलं आणि ते इंग्रजी चर्चच्या गीतपुस्तकांत छापलं गेलं.

आणि अभंग हे वृत्त आहे, कुणाची खाजगी मालमत्ता नव्हे. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. नामदेवांनी त्यात लिहिलं, एकनाथांनी लिहिलं, म्हणून कुणी कुणाची चोरी केली का? फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं मराठी ओव्यांतलं क्रिस्तपुराण 1616 मधलं, म्हणजे तुकाराम महाराज अजून लहान होते तेव्हाचं. टिळकांनी तुकोबांचं ऋण कधी लपवलं नाही. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते स्वतःच सांगत. चोर असं सांगत फिरत नाही.

हे सगळं मी मावशीला त्याच दुपारी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ज्या बाईने पाठवलंय ती वाईट नाही रे, तिलाही कुणीतरी पाठवलं असेल." असेलही. म्हणून तिचं नाव मी लिहीत नाही. तिला मी हा मजकूर पाठवतोय, आणि ज्या ग्रुपवर तो मेसेज आला तिथेही टाकतोय. ज्याला उत्तर द्यायचं असेल त्याने आधी "स्मृतिचित्रे" वाचून यावं.

मावशीला ते पुस्तक हवंय. अक्षर मोठं असलेली प्रत शोध म्हणाली. तोवर माझ्याच जुन्या प्रतीतली पंढरपूरची पानं मी तिला रोज रात्री फोनवर वाचून दाखवतो आहे.