बसऱ्याला गेलेले आजोबा

पहिल्या महायुद्धात लढलेल्या हिंदी शिपायांच्या नोंदवह्यांवरचा लेख वाचला. त्यातल्या नोंदवह्या पंजाबच्या, लाहोरच्या संग्रहालयात निघालेल्या, त्यामुळे आपल्याकडच्यांना त्यात काही मिळणार नाही. पण सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्यांनी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) वेबसाइट जरूर बघावी. आमच्याकडे पणजोबांच्या थोरल्या भावाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की पहिल्या महायुद्धात बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेले ते आलेच नाहीत. तिथे त्यांची नोंद सापडली: ११७वी मराठा पलटण, साल १९१६, वडिलांचं नाव, गाव, तालुका, सगळं. आडनावाचं स्पेलिंग इतकं विचित्र, की नावावरून शोधलं असतं तर जन्मात सापडलं नसतं. पलटण आणि गावाच्या नावाने शोधा, तेही दोन-चार प्रकारे लिहून.

ही पलटण इराकमधल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती होईपर्यंत. धान्य संपत आलं तरी आपल्या बऱ्याच शिपायांनी घोड्याचं मांस खायला बरेच दिवस नकार दिला. पुढे कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, कित्येकांना सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. आमचे आजोबा वेढ्यात वारले की वाटेत, ते नोंदीवरून कळत नाही.

राग एकाच गोष्टीचा येतो. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावंच कोरलेली नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा. गोऱ्या शिपायांची मात्र नावं आहेत!

कुतच्याच वेढ्यातल्या १०३ किंवा ११० मराठा पलटणीतल्या कुणाच्या घरी पत्रं, पदकं असतील तर इथे जरूर लिहा.