फंक्शनल प्रोग्रॅमिंगसाठी ईमॅक्सच लागतो, हे खरं नाही

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ईमॅक्स या कोड लिहायच्या एडिटरबद्दल एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘हॅस्केल, ओकॅमल, क्लोजर अशा फंक्शनल भाषा (फंक्शनांच्या जोडणीतून प्रोग्रॅम बांधणाऱ्या) शिकायच्यात? मग ईमॅक्सला पर्याय नाही. १६ जीबी रॅम नसेल तर नादाला लागू नका. सोबतची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी टाका. चुकांखालच्या लाल रेषा आणि सजेशन बंद ठेवा, नाहीतर डोकं चालवायची सवय जाते. लिगेचरवाला (दोन खुणा जोडून एक चिन्ह दाखवणारा) फॉन्ट घ्याच. आणि सेटअप पूर्ण झाल्याशिवाय कोडची एक ओळही लिहू नका.’

मी इथल्या काही विद्यार्थ्यांना हॅस्केल शिकवतो. हा मेसेज वाचून, पहिलं फंक्शन लिहायच्या आधीच ‘हे आपलं काम नाही’ म्हणणारी मुलं मला भेटतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

ईमॅक्सबद्दलचा दावा एकेकाळी बऱ्यापैकी खरा होता, म्हणूनच तो इतका चिवट आहे. जीएनयू ईमॅक्स १९८५ सालचा. तो स्वतःच लिस्प भाषेच्या एका बोलीतून घडवता येतो, त्यामुळे फंक्शनल भाषांची मंडळी तिथे आधी जमली आणि चांगली साधनंही तिथेच आधी आली. इतर एडिटरांत शब्दांना रंग मिळायचे, फार पुढे काही जायचं नाही. कारण साधं होतं: प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक एडिटरात वेगळी जोडणी लिहावी लागे. दहा भाषा आणि पाच एडिटर म्हणजे पन्नास जोडण्या. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला आणि हे गणित बदललं. भाषेने एक सर्व्हर, म्हणजे कोड वाचून चुका आणि सजेशन सांगणारा प्रोग्रॅम, द्यायचा, एडिटरने त्याच्याशी बोलायला शिकायचं. पन्नासाच्या जागी पंधरा. हॅस्केलचा आजचा लँग्वेज सर्व्हर २०२० मध्ये दोन जुने प्रकल्प एकत्र येऊन उभा राहिला. निओव्हिम या एडिटरने २०२१ च्या ०.५ आवृत्तीत या प्रोटोकॉलची सोय आतच दिली. ईमॅक्सनेही २०२३ च्या २९ व्या आवृत्तीत तीच सोय करणारं एग्लॉट सोबत दिलं. म्हणजे आज ईमॅक्समध्ये हॅस्केल लिहिणाऱ्यालाही बहुतेक वेळा तोच सर्व्हर उत्तरं देतो, जो व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटर वापरणाऱ्याला देतो. प्रकार (टाइप) तोच दिसतो, चूकही तीच दिसते.

दोन ठिकाणी मात्र मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने बोललं पाहिजे. कॉमन लिस्पसाठी ईमॅक्समधलं स्लाइम आणि क्लोजरसाठी सायडर ही खरोखर उत्तम साधनं आहेत. कर्सर एका कंसापाशी ठेवून तेवढाच तुकडा चालवून बघण्याची मजा तिथे पुरेपूर मिळते. (क्लोजरची हीच सोय व्हीएस कोडमध्ये कॅल्व्हा देतं, कंस सांभाळणाऱ्या पॅरएडिटसकट.) आणि कोणी अग्डाकडे (गणिती सिद्धतांसाठीच्या फंक्शनल भाषेकडे) वळणार असेल तर त्याने ईमॅक्स शिकावाच. पण मग लीन ४ चं काय? तीही फंक्शनल भाषा, तीही सिद्धतांसाठी वापरली जाणारी, आणि तिचे कर्तेच नवशिक्याला व्हीएस कोड घ्या म्हणतात. एफ शार्पसाठी आयोनाइड आहे, तेही व्हीएस कोडमध्ये चालतं. ‘पर्याय नाही’ हे शब्द टिकत नाहीत.

१६ जीबी रॅमच्या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत यंत्रमागावरच्या नाहीतर विडीच्या मजुरीतून पैसे बाजूला काढून पोराला सेकंडहँड लॅपटॉप घेतलेला असतो, बहुतेकदा ४ जीबीचा. त्याला ‘नादाला लागू नकोस’ सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? हॅस्केलचा लँग्वेज सर्व्हर मेमरी खातो, हे खरं. मोठ्या प्रकल्पात तो काही जीबीपर्यंत जातो. पण शिकणाऱ्याचा प्रकल्प दोन-चार फाइलींचा असतो. तेवढंही झेपत नसेल तर सर्व्हर बंद ठेवावा आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये जीएचसीआय, म्हणजे हॅस्केलची ओळ लिहिली की लगेच चालवून दाखवणारं साधन, उघडून ठेवावं. फाइल सेव्ह केली की तिथे कोलन आणि आर दाबायचं, बदललेला कोड पुन्हा लोड होतो. कोलन टी लिहून पुढे काहीही दिलं की त्याचा प्रकार कळतो. तेवढंही दाबायचं नसेल तर जीएचसीआयडी नावाचं छोटं साधन आहे. ते फाइलवर नजर ठेवतं आणि दर सेव्हला चुका दाखवतं. एप्रिल-मेत पारा चाळिशीच्या पार गेला की आपल्याकडे लॅपटॉप तसाही तापलेला असतो, तेव्हा तर मी सगळ्यांना हाच मार्ग सांगतो. रॅमपेक्षा खरी अडचण डेटाची आहे. कंपायलर आणि त्याच्या सोबतची साधनं उतरवायला काहीशे एमबी लागतात आणि डिस्कवर काही जीबी जागा जाते. रोजच्या डेटा पॅकवर असाल तर वायफाय असेल तिथेच हे काम उरका. कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं हॅस्केल प्लेग्राउंड आहे.

आता ती कॉन्फिग फाइल. मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक हिच्यामुळेच. दुसऱ्याच्या फाइलीत त्याच्या मशीनवरचे पाथ असतात, त्याच्या आवृत्त्या असतात. हॅस्केलच्या बाबतीत एक गोष्ट जीवावरची आहे: लँग्वेज सर्व्हर ज्या जीएचसी (हॅस्केलचा कंपायलर) आवृत्तीने बांधला गेला, तीच आवृत्ती तुमच्या प्रकल्पाची असावी लागते. प्रकल्प ९.४ वर आणि सर्व्हर ९.६ चा, असं झालं की सर्व्हर उठतच नाही. एडिटरच्या कोपऱ्यात एक अगम्य मेसेज येतो आणि मूल समजतं की आपलंच डोकं कमी पडतंय. तुमच्याच घरात त्या दोन आवृत्त्यांचं जमत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

उपाय कॉन्फिग फाइलीत नाही, जीएचसीअपमध्ये, म्हणजे कंपायलर आणि सर्व्हर उतरवून देणाऱ्या साधनात आहे. त्याची यादी उघडली की काही जीएचसी आवृत्त्यांपुढे ‘रेकमेंडेड’ आणि काहींपुढे ‘एचएलएस पॉवर्ड’ (एचएलएस म्हणजे हॅस्केलचा लँग्वेज सर्व्हर) अशी खूण दिसते. दुसरी खूण असलेलीच आवृत्ती घ्या. सगळ्यात नवी आवृत्ती घ्यायचा मोह आवरा. तिच्यासाठी सर्व्हर तयार व्हायला वेळ लागतो. मग व्हीएस कोडमध्ये हॅस्केलचं एक्स्टेन्शन टाका. सर्व्हर जीएचसीअपकडून आणू का, असं ते विचारतं, हो म्हणा. झालं. त्यानंतरही चालेना, तर पहिली शंका याची घ्या की तुम्ही डेस्कटॉपवरून सुटी फाइल उघडली आहे. उघडायचा असतो तो फोल्डर, ज्यात कबालची (प्रकल्पाच्या पॅकेजेसची नोंद असलेली) फाइल आहे तो. नाहीतर प्रकल्पाला कोणती पॅकेजेस लागतात हे सर्व्हरला कळणार कुठून? आणि नोटपॅडमध्ये लिहिलेला कोड आणला असेल तर टॅब शोधा. हॅस्केल टॅबची उडी दर आठव्या कॉलमपर्यंत धरतं, तुमचा एडिटर कदाचित चारपर्यंतच दाखवतो. डोळ्याला सरळ दिसणाऱ्या ओळी कंपायलरला वाकड्या दिसतात. टॅब काढा, स्पेस ठेवा.

लाल रेषा बंद ठेवण्याचा सल्ला मला सगळ्यात नुकसानीचा वाटतो, कारण या भाषांची अर्धी ताकद तिथेच आहे. एक उदाहरण घ्या. चादरींच्या दुकानाचा हिशेब करायचाय. ‘चादर’ नावाचा रेकॉर्ड आहे, त्यात नग आणि त्या सगळ्या नगांची मिळून किंमत, दोन्ही पूर्णांक. चादरींची यादी घेऊन एकूण किंमत देणारं फंक्शन हवं. प्रकार आधी लिहून टाकला. यादीवर मॅप करायचं (प्रत्येक नोंदीवर एकच फंक्शन चालवायचं) आणि बेरीज करायची इतकं सुचलं, पण मॅपला काय द्यायचं ते सुचेना. तिथे नुसतं अंडरस्कोअर टाका. लाल रेषा येते आणि कंपायलर सांगतो: इथे चादर घेऊन पूर्णांक देणारं काहीतरी हवंय. खाली तो बसणारी नावंही सुचवतो, आणि त्यांत नग आणि किंमत दोन्ही असतात! २०१४ च्या जीएचसी ७.८ पासून अशी भोकं ठेवून लिहिता येतं. नावं सुचवण्याची सोय नंतर आली.

आता बघा, डोकं चालवायची सवय गेली का? उलट, दोन नावं का आली हा प्रश्न इथेच पडतो. नग आणि रुपये दोघांनाही पूर्णांक म्हटलं तर कंपायलरने फरक कसा करावा? रुपयांना वेगळा प्रकार द्या, त्यावर बेरजेची परवानगी द्या, फंक्शन रुपये देतं असं लिहा. मग त्याच भोकात नग बसूच शकत नाही. वर्गात तासभर बोलून जे पोचत नाही, ते त्या रेषेखाली मिनिटात पोचतं. ही रेषा बंद करायला सांगणाऱ्याने नवशिक्याचा सगळ्यात धीराचा शिक्षक घालवून दिला.

फॉन्टचं थोडक्यात: लिगेचर सध्या नकोच. हायफन आणि ‘मोठा’ची खूण मिळून सुबक बाण दिसतो, आणि नव्या मुलाला तो कीबोर्डवर सापडत नाही.

राहिला शेवटचा दावा, सेटअप आधी पूर्ण करण्याचा. कोड फॉरमॅट करणारं साधन, शॉर्टकट, रंगसंगती हे सगळं लिहिता लिहिता, गरज पडेल तसं येऊ द्या. कंपायलर बसला आणि जीएचसीआयमध्ये दोन अधिक दोनचं उत्तर आलं, की त्याच संध्याकाळी पहिलं फंक्शन लिहा. ज्यांचा सर्व्हर अजून उठत नाही त्यांनी मला एरर मेसेजचा फोटो पाठवू नका. जीएचसीअपची यादी, प्रकल्पाची कबाल फाइल आणि व्हीएस कोडच्या आउटपुट खिडकीतला हॅस्केलचा मजकूर, एवढं टेक्स्टमध्ये पाठवा.