सगळं हिरवं दिसलं पाहिजे

नेटवर्क मॉनिटरिंगला हाय अव्हेलेबिलिटी हवी, म्हणजे एक सर्व्हर पडला तरी ते चालू राहायला हवं, असा शेरा ऑडिटर मारून गेलाय आणि पुढच्या रकान्यात मार्चच्या आत 'पूर्तता झाली' असं लिहायचं आहे. हरकत नाही. फक्त सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. बिघाड झाला की आपल्याला कळलं पाहिजे, हा या कामाचा हेतू नाही. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवायच्या खोलीत, शिरले की भिंतीवरची स्क्रीन हिरवी दिसली पाहिजे, हा आहे.

सर्व्हर दोन घ्या, एक चालू आणि एक स्टँडबाय, म्हणजे पहिला पडला की काम हाती घेणारा. दोन्ही व्हीएम (आभासी सर्व्हर) एकाच होस्टवर, म्हणजे एकाच खऱ्या यंत्रावर, ठेवा, देखभालीला सोपं पडतं. 'अँटी-अ‍ॅफिनिटीचा नियम लावू का?' म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या होस्टवर ठेवू का, असं विचारणारा एखादा नवा मुलगा असतोच, त्याला चहा सांगायला पाठवा. आकृतीत मात्र दोन चौकोनांमध्ये भरपूर अंतर सोडा आणि एकावर 'डीसी' (मुख्य डेटा सेंटर), दुसऱ्यावर 'डीआर' (आपत्तीसाठीचं राखीव केंद्र) लिहा. ऑडिटर आकृती बघतो, रॅक बघत नाही. सर्व्हर रूममध्ये थंडी फार असते.

डेटाबेस एकच पुरे. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरने 2022 साली 6.0 आवृत्तीत सर्व्हरची जोडी लावायची सोय दिली. त्यात प्रत्येक नोड (जोडीतला सर्व्हर) आपण जिवंत असल्याची नोंद डेटाबेसात करत राहतो आणि स्टँडबाय ती नोंद बघून ठरवतो की आता आपली पाळी. म्हणजे पहारेकरी दोन, हजेरीची वही एक. वहीच हरवली तर काय, असं कोणी विचारलंच तर डेटाबेस दुसऱ्या टीमकडे आहे असं सांगा. हे उत्तर आजवर कुठल्याही मीटिंगमध्ये वाया गेलेलं नाही.

आता खरी खुबी. स्टँडबायचा आयपी स्विच-राउटरच्या एसीएलमध्ये (कोणाला आत घ्यायचं त्या यादीत) टाकायच्या भानगडीत पडू नका. सगळ्या उपकरणांवर एसएनएमपीची (उपकरणांची तब्येत विचारायच्या पद्धतीची) परवानगी पहिल्या सर्व्हरलाच दिलेली आहे. ती बदलायची तर चेंज रिक्वेस्ट, मंजुरी, रात्रीची विंडो. 'पण आपण व्हर्च्युअल आयपी घेतलाय ना!' असं म्हणणारे भेटतील. तो, म्हणजे जो सर्व्हर चालू असेल त्याच्याकडे नेणारा सामायिक पत्ता, आत येणाऱ्यांसाठी. सर्व्हर स्वतः पोलिंगला (उपकरणांची विचारपूस करायला) बाहेर पडतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्या मूळ आयपीनेच पडतो, मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर. तेव्हा ज्या दिवशी फेलओव्हर होईल, म्हणजे काम स्टँडबायकडे जाईल, त्या दिवशी अख्खं नेटवर्क एका झटक्यात लाल. यात बिचकण्यासारखं काही नाही. दहा उपकरणं लाल झाली तर लोक धावतात. सगळीच झाली तर 'मॉनिटरिंगचंच काहीतरी बिघडलंय' म्हणून निवांत बसतात. त्या लालीत एखादा राउटर खरोखर मेलेला असला तरी तो छान खपून जातो.

ट्रॅपचंही तसंच. ट्रॅप, म्हणजे उपकरणाने आपणहून पाठवलेली खबर, यूडीपीच्या 162 पोर्टवर येतो, पाठवणारा पोच मागत नाही, घेणारा जागेवर नसेल तर गेला तो गेला. पोच मागणारे इन्फॉर्म पाठवता येतात, पण मग प्रत्येक उपकरणाचं कॉन्फिगरेशन उघडावं लागेल. आणि उघडलं तर त्यात केव्हाच भंगारात गेलेल्या सर्व्हरचा पत्ता सापडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

व्हर्च्युअल आयपी कोणी धरायचा हे ठरवणारा दोन्ही नोडमधला हार्टबीट ('मी जिवंत आहे' हा सततचा निरोप) एकाच जोडणीवर ठेवा. ती तुटली की प्रत्येकाला वाटतं दुसरा वारला, आणि दोघंही कारभार हाती घेतात. निवाड्याला तिसरा नोड ठेवावा असं जाणकार सांगतात. त्यांना गिटहब या कोड साठवायच्या सेवेचं उदाहरण ऐकवा. 21 ऑक्टोबर 2018 ला त्यांच्याकडे 43 सेकंद जोडणी तुटली आणि सेवा पुढे 24 तास 11 मिनिटं विस्कळीत राहिली. त्यांच्याकडे तर कोरमही (बहुमताने निवाडा) होता! मग आपण तिसऱ्या नोडचा खर्च कशाला करायचा? (त्यांची गोची अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या डेटाबेसात वेगवेगळ्या नोंदी झाल्याने झाली होती, पण एवढं खोलात मीटिंगमध्ये कोणी जात नाही.)

अलर्टची वाट हा नाजूक विषय. अलर्ट ईमेलने पाठवा, आणि मेल सर्व्हर त्याच कोअर स्विचमागे असू द्या ज्याच्यावर आपण नजर ठेवतोय. एसएमएस गेटवेही त्याच लीज लाइनवरून. हे मागासलेपणाचं लक्षण समजू नका, मोठमोठी घराणी या वाटेने गेली आहेत. 28 फेब्रुवारी 2017 ला अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही फाइली साठवायची सेवा कोलमडली, तेव्हा सेवेची तब्येत दाखवणारं त्यांचं पान एस-थ्रीवरच विसंबलेलं होतं. ते बराच वेळ बदलता येईना आणि खबर ट्विटरवरून द्यावी लागली. कॅनडात 8 जुलै 2022 ला रॉजर्स या टेलिकॉम कंपनीचं नेटवर्क देशभर झोपलं, तेव्हा दुरुस्तीला धावायच्या माणसांकडचे फोनही रॉजर्सचेच. गिटलॅब या गिटहबसारख्याच कंपनीत तर रोजचा बॅकअप फसल्याच्या ईमेल निघत होत्या, पण पलीकडे डीमार्कच्या (मेल पाठवणारा खरा आहे का, या) तपासणीत नाकारल्या जात होत्या. 31 जानेवारी 2017 ला चुकून डेटाबेस पुसला गेला, तेव्हा ते उमगलं. तोवर ऑफिसात किती शांतता असेल, विचार करा.

ही शांतता जपा. काही उत्साही मंडळी प्रोमिथिअस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये 'वॉचडॉग' नावाचा अलर्ट लावतात. तो सतत वाजत राहतो आणि बाहेर, भलत्याच नेटवर्कवर बसलेलं दुसरं काहीतरी त्याच्याकडे कान लावून असतं. वाजणं थांबलं की ते बोंब मारतं. खर्च जवळजवळ शून्य, लावायला एक दुपार. म्हणूनच टाळा. एकदा का गप्प बसलेल्या मॉनिटरिंगची चौकशी व्हायला लागली, की घरची झोप गेली.

ड्रिल मात्र वर्षातून एकदा जरूर करा. रविवारी सकाळी, व्हेंडरच्या माणसासमोर, पहिल्या सर्व्हरवरची सर्व्हिस अदबीने बंद करा. दुसरा उठला की स्क्रीनशॉट घ्या, पहिला लगेच परत चालू करा. केबल उपटणं, डिस्क भरून बघणं, डेटाबेस गोठवणं असले रानटी प्रयोग करू नका. स्टँडबायवर अर्धा तास काम चालवूनही बघू नका, एसीएलचं प्रकरण बाहेर येईल.

राहता राहिला अव्हेलेबिलिटीचा आकडा. 99.999 टक्के म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वापाच मिनिटांची मुभा, हे ऐकून पोटात गोळा येतो. पण मॉनिटरिंगची अव्हेलेबिलिटी मोजतं कोण? मॉनिटरिंगच. ते बंद असताना बंद असल्याची नोंद कोण करणार? आलेखात मधे मोकळी जागा दिसेल तेवढीच, आणि ग्राफाना या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या जागा रेघेने जोडून टाकायचा पर्याय आहे. तो निवडा, रेघ सरळ येते. पाच नऊ लिहून उगाच संशय ओढवून घेऊ नका, शंभर टक्के लिहा.