घरपट्टी विचारताय? आधी नमुना आठ बघा

कोकणात घर घेणारा माणूस गुंठ्यामागे पाच-दहा हजार कमी करायला दोन-दोन तास घासाघीस करतो. रस्ता किती फुटी, विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत, समुद्र किती लांब, सगळं खोदून खोदून विचारतो. घरपट्टीचा विषय निघाला की मात्र एजंटचं एक वाक्य त्याला पुरतं. "घरपट्टीचं काय घेऊन बसलात साहेब, गावात नावापुरती असते." सोबत मागच्या वर्षाची पावती पुढे सरकवली जाते. त्यावरचा आकडा बघून डोंबिवली-पुण्याच्या माणसाला हसूच येतं.

माझा त्या पावतीवर विश्वास नाही. पावती खोटी असते असं नाही. ती विकणाऱ्याच्या घराची असते, आणि तेही ते घर ग्रामपंचायतीच्या कराच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना आठ मध्ये, जसं लिहिलंय तसं. तुम्ही पैसे मोजताय ते घर त्याहून वेगळं असू शकतं.

पहिला प्रश्न, घर कोणाच्या हद्दीत आहे? हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण रत्नागिरीतच बघा. शहरात नगरपरिषद. आपण बोलताना ज्याला शहरच म्हणतो त्यातलं नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे या ग्रामपंचायती. बिल्डरच्या बोर्डावर सगळीकडे "रत्नागिरी शहरात" असंच असतं. रस्त्याच्या अलीकडच्या फ्लॅटची घरपट्टी एका कायद्याने, पलीकडच्याची दुसऱ्या. अशा दोन बिलांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

ग्रामपंचायतीचं आधी सांगतो, कारण किनाऱ्यावरची बहुतेक खरेदी तिथेच होते. पूर्वीची क्षेत्रफळावरची आकारणी हायकोर्टात अडकली, आणि डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलून भांडवली मूल्यावर कर आला. हिशेब असा: जमिनीचं क्षेत्र गुणिले रेडीरेकनरमधला (सरकारी दरपत्रकातला) जमिनीचा दर, त्यात बांधकामाचं क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. बांधकामाला घराच्या वयाप्रमाणे घसारा, आणि मग वापराप्रमाणे भारांक, म्हणजे ज्याने गुणायचं तो आकडा. राहतं घर असेल तर भारांक 1, धंद्यासाठी असेल तर 1.25. जे मूल्य येईल त्याच्या दर हजार रुपयांमागे अमुक पैसे, अशी घरपट्टी. मातीचं घर, दगड-विटांचं घर, आरसीसी, प्रत्येक प्रकाराला शासनाने कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर ठरवून दिलाय. त्या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं ते ग्रामपंचायत ठराव करून ठरवते. म्हणून एका गावात एक दर आणि वहाळापलीकडे दुसरा.

आता समजा, शेजारच्या दोन गावांत अगदी सारखं स्लॅबचं घर आहे, भांडवली मूल्य 15 लाख. एका गावात हजारी 1 रुपया 20 पैसे, दुसऱ्यात 1 रुपया 80 पैसे. पहिल्या गावात वर्षाला 1,800, दुसऱ्यात 2,700. नऊशे रुपयांचा फरक. एवढ्यासाठी कोणी गाव बदलू नये. वर्षाला नऊशे रुपयांत दिवाबत्ती नीट मिळत असेल तर मी डोळे मिटून दुसरं गाव घेईन.

दरातल्या फरकापेक्षा नोंदीतला फरक कितीतरी मोठा असतो, आणि तो फक्त नमुना आठ मध्ये दिसतो. नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, आपल्याकडे ज्याला असेसमेंटचा उतारा म्हणतात तो. नमुना नऊ ही मागणीची नोंदवही, तिच्यात चालू कर किती आणि मागची बाकी किती ते असतं. एजंट दाखवतो तो कागद नमुना दहा, म्हणजे नुसती पावती. तिच्यावरून घर कळत नाही.

मालवण तालुक्यातलं एक घर बघायला मावसभावाबरोबर गेलो होतो. चिऱ्याचं, सिमेंटमध्ये बांधलेलं, वर स्लॅब, स्लॅबवर पर्यटकांसाठी काढलेल्या दोन खोल्या, पुढे फरसबंद खळं. पावती मात्र अगदीच किरकोळ. ग्रामपंचायतीत नमुना आठ मागितला. शिपायाने रजिस्टर काढून पान उलटलं. बांधकामाचा प्रकार: मातीच्या भिंती, कौलारू. क्षेत्रफळ: मूळ माजघर आणि पडवीपुरतं. वापर: राहता. मालकाच्या रकान्यात विकणाऱ्याच्या आजोबांचं नाव, भोगवटादाराच्या (घर प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या) रकान्यात चुलत्याचं. शिपाई हसत म्हणाला, "स्लॅब मागसून घातल्यानी. रजिस्टरात अजून कौलांच आसत."

म्हणजे त्या पावतीवरचा आकडा या घराचा नव्हताच. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, आता अस्तित्वात नसलेल्या घराचा होता. फेरआकारणी चार वर्षांनी होते. तेव्हा कोणी टेप घेऊन आलं तर क्षेत्र वाढणार, प्रकार बदलणार, वरच्या दोन खोल्यांना धंद्याचा भारांक लागणार. तो बोजा विकणाऱ्यावर नाही, घेणाऱ्यावर. भाऊ मला म्हणाला, "दादा, पण इतकी वर्षं कोणी आलं नाही ना?" आलं नाही हे खरं. पण विकत घेताना माणसाने "कोणी येत नाही" यावर हिशेब करायचा का?

शिवाय त्या पानावर करापेक्षा मोठी गोष्ट दिसली. मालक आजोबा, भोगवटादार चुलता आणि विकतोय नातू. मग सातबारा काढला, तिथे नावांची रांग. कोकणातल्या सामायिक घरांचं हे नेहमीचं दुखणं. घरपट्टीची पावती कोणाच्या नावावर आहे यावरून मालकी ठरत नाही, कोर्टांनी हे कितीदा सांगितलंय. तरी गावात "घरपट्टी माझ्या नावावर आहे" हे वाक्य इतक्या जोरात म्हटलं जातं की समोरचा गार पडतो.

हीच गोष्ट किनाऱ्यावरच्या बांधकामांची. "घरपट्टी चालू आहे, म्हणजे सगळं कायदेशीर" हे मी दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत ऐकलंय. ग्रामपंचायत उभ्या असलेल्या बांधकामावर कर लावते. कर लावला म्हणून ते बांधकाम नियमित होत नाही. सीआरझेडची (किनारा नियंत्रण क्षेत्राची) परवानगी, बिनशेती, बांधकाम परवाना हे सगळे वेगळे कागद आहेत आणि ते वेगळ्या कचेऱ्यांत मिळतात. भरतीरेषेजवळच्या बंगल्याची दहा वर्षांची घरपट्टी व्यवस्थित भरलेली असली तरी पाडायची नोटीस आली तर त्या पावत्या लहान मुलांना होड्या करायला द्यायच्या.

नगरपरिषद आणि नगरपंचायतीचा हिशेब वेगळा. गुहागर, दापोली, लांजा, कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे इथे आता नगरपंचायती आहेत. त्यांना नगरपरिषदांचा 1965 चा कायदा लागतो. घराचं वार्षिक भाडं किती येऊ शकेल ते धरायचं, दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करायचे, राहिलं ते करयोग्य मूल्य. त्यावर टक्केवारीने कर. मग त्याच बिलात शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर, पाणी, घनकचऱ्याचं शुल्क. दुकान-गाळा असेल तर रोजगार हमी करही. तुलना करायची तर हे बिल ओळीओळीने सुटं करा. एका शहरात पाणीपट्टी बिलात धरलेली असते, दुसऱ्यात तिचं बिल वेगळं येतं, आणि माणूस म्हणतो, चिपळूण महाग की सावंतवाडी महाग!

शहरात थकबाकीही चांगली झोंबते. मुदतीत न भरलेल्या बिलावर महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड) लागते. नवीन इमारतीत फ्लॅटची आकारणीच झालेली नसेल तर "अजून घरपट्टी लागू नाही" असं बिल्डर कौतुकाने सांगतो. त्याचा अर्थ बिल साठतंय. पनवेलकरांना विचारा. 1 ऑक्टोबर 2016 ला महापालिका झाली. सिडको वसाहतींतल्या लोकांना मालमत्ता कराची बिलं काही वर्षांनी मिळाली, आणि ती 2016 पासूनची. तोवर सिडकोचं सेवाशुल्क भरलेलं. दुहेरी कर म्हणून मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टात गेलं. शहरालगतच्या ग्रामपंचायतीत कमी घरपट्टी बघून फ्लॅट घेणाऱ्याने हद्दवाढ, म्हणजे उद्या गावच शहराच्या हद्दीत जाणं, ही गोष्ट डोक्यात ठेवलेली बरी.

दर शोधायचे कुठे? जमिनीचा आणि बांधकामाचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-एएसआरमध्ये, म्हणजे त्याच रेडीरेकनरमध्ये. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की मिळतो. कराचा दर ग्रामपंचायतीच्या ठरावात. तो ठराव आणि शेवटची फेरआकारणी कोणत्या वर्षी झाली ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारायचं (ग्रामसेवकाचं हे नवं नाव, गावात अजून भाऊसाहेबच). नमुना आठ ही लोकसेवा हक्क कायद्यातली सेवा आहे, उपकार नाही. महा ई-ग्रामच्या ॲपवरही काही गावांचा दिसतो, पण मी म्हणेन प्रत्यक्ष जा. टेबलासमोर उभं राहिल्यावर जे कानावर पडतं ते ॲपवर पडत नाही. अमक्याची किती वर्षांची बाकी आहे, तमक्याने पडवी कधी वाढवली, सगळं कळतं.

बाकीवरून आठवलं. बंद घरांची घरपट्टी गणपतीत वसूल होते, चाकरमानी सापडतो तेव्हा. काही घरांची पाच-सात वर्षं राहिलेली असते. एक वर्ग मात्र नेहमी चोख भरतो, तो म्हणजे निवडणुकीला उभे राहणारे, कारण थकबाकी असेल तर उमेदवारी अडचणीत येते.

मुंबईच्या मंडळींना एक चिमटा. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घराला 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. लालबागच्या साडेचारशे फुटांत राहणारा माणूस तिथे शून्य भरतो आणि गावच्या घराची दोन हजारांची मागणी आली की ग्रुपवर लिहितो, "ग्रामपंचायत करते काय?" अरे, कोस्टल रोडवाल्या महापालिकेचं तुझ्या दोन हजारांवाचून अडत नाही, ग्रामपंचायतीचं अडतं. नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार यातूनच निघतो. म्हणून "घरपट्टी कमी" हे मला विक्रीचं कौतुक वाटत नाही. फार कमी असेल तर मी संध्याकाळी सातनंतर त्या वाडीत फिरून किती दिवे लागतात ते बघतो.

आता खरेदी झाल्यावर. खरेदीखत झालं की घरपट्टी आपोआप नावावर होत नाही. इंडेक्स टू (खताच्या नोंदणीचा उतारा) आणि खताची प्रत जोडून अर्ज द्यावा लागतो, मागची बाकी भरावी लागते, मग मासिक सभेत विषय येतो. विकणाऱ्याकडून बाकी नसल्याचा दाखला खताच्या आधीच घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. घर माजी सैनिकाच्या किंवा सैनिकाच्या विधवेच्या नावावर असेल तर एका मालमत्तेला माफी असते, म्हणजे त्या पावतीवरचा आकडाही तुमच्या कामाचा नाही. आणि सप्टेंबरअखेर भरली तर ग्रामपंचायत 5 टक्के सूट देते. गणपतीत गावी जाताय तेव्हाच भरून टाका, नमुना आठ वरची लांबी-रुंदीही तेव्हाच स्वतः टेप लावून ताडून बघा.